फाट्यावरचा ठिपका

काकांच्या घरी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिला प्रश्न केला तो माझ्या पावलाच्या लांबीचा. मला अंगणात वीस पावलं चालायला लावलं, टेप धरला, मनातल्या मनात भागाकार केला आणि काकूंना हाक मारली.

“एकवीस इंच. लहान हाय, पन सारखं पडते. चाल खोटी नाई पोरीची. दे हिले खोली.”

काका शेतं मोजण्याच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. गाव त्यांना मोजणीसाहेब म्हणे. बत्तीस वर्षं तालुका पायाखाली घातलेला माणूस. निवृत्तीचा कागद हातात पडला तरी पायांना तो कोणी वाचून दाखवला नव्हता. न्हाणीघर कुठे विचारलं तर “चौदा पावलं, मंग डावा हात”. काकूंनी मीठ मागितलं तर मीठ किती हातांवर आहे ते बसल्या जागेवरून सांगत, उठून देत मात्र नसत. घरापासून फाट्यापर्यंत त्यांची चारशे सत्तर पावलं आणि माझी सहाशे बारा, हे मी तिथे राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मला कळवण्यात आलं.

माझ्याविषयीही सांगून टाकते. मी पुण्याची. बँकेने वाशिम जिल्ह्यात पाठवलं तेव्हा नकाशा उघडून रडले होते. रुजू झाले त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज टाकला. किन्हीराजा गावाच्या अलीकडे आमचा फाटा, फाट्यावरून शाखेत जायला एसटी. पाठीवर बॅग, बॅगेच्या कप्प्यात दीड लिटरची बाटली आणि कपाळावर आठी, अशी मी वर्षभर त्या फाट्यावर उभी राहिले.

फाट्यावर काय होतं? एक कडुनिंब, एक बंद पडलेला हापसा, पत्रा उडालेला एसटीचा थांबा, चहा-भज्यांचं हॉटेल आणि चारी बाजूंना सोयाबीन. सोयाबीन निघालं की नुसती काळी माती. आणि कडुनिंबाखाली काकांची पाणपोई. दोन रांजण, लाकडी झाकणं आणि साखळीने बांधलेला एक स्टीलचा गिलास. साखळी मोजणीच्या जुन्या साखळीचा तुकडा होती. कचेरीत नवी यंत्रं आली तेव्हा ती भंगारात निघाली, काकांनी रीतसर मागून घेतली होती.

या पाणपोईवर काकांचा विलक्षण जीव. लोक उन्हाळ्यापुरती पाणपोई घालतात, काकांची बारा महिने असे. सकाळी स्वतः रांजण घासत, स्वतः भरत, गिलास राखेने लखलखीत करत. त्या कामाला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. आणि कोणी गिलास ओठांपासून वीतभर उंच धरून पाण्याची धार तोंडात सोडली, की हॉटेलच्या बाकावरून गर्जना येई.

“ए भाऊ! तोंड लावून पे! गिलास कायले देला तुले?”

वाटसरू दचकून अर्धं पाणी नाकात घालत. मला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटे. सगळं जग उष्टं टाळायला सांगतं आणि हा माणूस उष्टं करा म्हणून ओरडतो! मी माझी बाटली काढून दोन घोट घेई. मला काका कधीच काही बोलले नाहीत.

एका रविवारी मी ओसरीवर मोबाइल घेऊन बसले होते. पुण्यात असताना मैत्रिणींबरोबर जिओकॅशिंग नावाचा खेळ खेळायचे, त्याचा नकाशा उघडला होता. खेळ साधा आहे. कोणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकतो, की नकाशावर ठिपका उमटतो. आपण मोबाइल घेऊन जायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. खणायचं नाही, कोणाचं नुकसान करायचं नाही, जागा ज्याची असेल त्याला विचारायचं.

काकांनी मागून डोकावून विचारलं, “हे काय पाहून राह्यली?”

मी समजावलं. पुण्यावर गोवर उठावा तसे ठिपके होते. मग मी नकाशा सरकवत आमच्या भागावर आणला. एकही ठिपका नव्हता.

“बघा काका,” मी म्हटलं, “तुमच्याकडे काहीच नाही.”

काकांनी मोबाइल हातात घेतला. एक डोळा मिटून बघायची त्यांची सवय होती, दुर्बिणीतून बघता बघता लागलेली. तसा एक डोळा मिटून ते त्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले.

“इथल्या एका एका धुऱ्यावर म्या पाय ठेवला,” ते म्हणाले. धुरा म्हणजे शेताचा बांध. “काहीच नाई म्हंजे? जागा रिकामी नसते पोरी. पाह्यनारा रिकामा असते. आपल्या फाट्यावर ठिपका पाह्यजे. मले शिकव.”

मी हुशारी दाखवली. म्हटलं, पोहरादेवीला ठेवू, यात्रेला केवढे लोक येतात. नाहीतर मंगरूळपीरला दर्ग्याच्या वाटेवर.

“तिथी जग येतेच. त्याईले ठिपक्याची काय गरज? ठिपका फाट्यावर. आन् बाहेरगावच्या मानसानं येऊन तो हुडकला पाह्यजे. गावातल्यानं नाई.”

झालं. त्या दिवसापासून काकांनी या एका गोष्टीचा ध्यास घेतला.

पहिला डबा त्यांनी बंद हापश्याच्या पोटात ठेवला. संध्याकाळी आम्ही परतलो तर डबा ओट्यावर होता. कोणीतरी आणून दिला होता. दुसरा कडुनिंबाच्या ढोलीत ठेवला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्यांमागे जाणाऱ्या म्हातारीने आणला. तिसरा नाल्यावरच्या मोरीत, हात घालूनही सापडणार नाही अशा जागी. तो दुपारीच आला, आणणाऱ्याने तो धुऊनसुद्धा आणला होता. मला कळेना. गावात चोर नसतात हे ठीक, पण इतका तत्पर प्रामाणिकपणा?

चौथ्या वेळी मी त्या म्हातारीलाच धरलं. “आजी, तुम्हाला कसं कळतं डबा काकांचा आहे ते?”

ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली. “नाव नाई का त्याच्यावर?”

मी डबा उलटा केला. झाकणावर काकूंचं संपूर्ण नाव, खाली काकांचं, त्याखाली गावाचं, भांड्यांच्या दुकानात टोकदार यंत्राने टिंबं टिंबं काढून घालतात तसं. काकूंच्या घरात नाव नसलेला चमचाही नव्हता. जगभर लपवायचे डबे निनावी असतात आणि आमचे मालकाच्या पत्त्यासह होते! काकांच्या ते लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. काकू मात्र चार दिवस गप्प राहून मजा बघत होत्या.

“मले काय मालूम?” त्या म्हणाल्या. “मी मनात म्हनलं, बुढा डबे हरपून राह्यला आन् गाव आनून देऊन राह्यलं. चांगलं हाय. नाई तं एवढ्यात माहं अर्धं घर खाली झालं असतं.”

मग बिननावाचा प्लास्टिकचा डबा आणला. तो तर तासाभरात आला. “तुमीच डबे ठेवून राह्यले ना सायेब,” आणणारा म्हणाला. आता नावाचीही गरज उरली नव्हती. मी पोट धरून हसले. काका हसले नाहीत.

“इथी काही लपतच नाई,” मी म्हटलं, “सोडा आता.” वर्षभरात माझ्या तोंडी ‘इथी’ आलं होतं, हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

“मोजनी चुकली तं वावर सोडत नाई,” काका म्हणाले. “फिरून मोजते.”

आणि त्यांनी ती चूक केली, जी फक्त त्यांच्याच हातून होऊ शकत होती.

त्यांनी सिमेंटचा एक पोकळ दगड बनवला. बाहेरून हुबेहूब शेताच्या हद्दीचा दगड, आत डब्याची जागा. वर तासणीच्या खुणा अशा बेमालूम केल्या, की मला हात लावून बघावं लागलं. फाट्याला लागून दोन भावांची वावरं, म्हणजे शेतं, होती. थोरल्याला विचारून काकांनी तो दगड रस्त्याच्या कडेला, धुऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवला. यावेळी कोणी काही आणून दिलं नाही. काका खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर आरडाओरडा ऐकू आला. धाकटा भाऊ हातात काठी घेऊन उभा, थोरला त्याच्यासमोर. मोजणीसाहेबाने दगड रोवला म्हणजे हद्द सरकली, म्हणजे थोरल्याने गुपचूप मोजणी करून घेतली, असा धाकट्याचा हिशेब. बायका रडत होत्या. थोरला शपथा घेत होता आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं, कारण दगड समोर होता आणि तो काकांनी ठेवलेला होता.

काका धावत आले. त्यांना पावलं न मोजता चालताना मी तेवढं एकदाच पाहिलं. त्यांनी हॉटेलातला घण मागून घेतला, सगळ्यांसमोर दगड फोडला आणि आतला डबा काढून धाकट्याच्या हातात ठेवला.

“हद्द तिथीच हाय. हा खेयन्याचा दगड होता,” ते म्हणाले. “चूक माही.”

संध्याकाळी ते दोघांच्याही घरी जाऊन माफी मागून आले. रात्री जेवले नाहीत. “बत्तीस वर्षांत एक खोटा दगड नाई रोवला,” ते ओसरीवर बसून म्हणाले, “आन् रिटायर झाल्यावर रोवला.” त्यांचा आवाज ऐकून मला माझ्या नकाशाचा, ठिपक्यांचा, त्या पोटभर हसण्याचाही राग आला. मी म्हटलं, काका, खरंच सोडा. त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची ते सकाळी कळलं.

सकाळी ते वही घेऊन हॉटेलच्या बाकावर जाऊन बसले. असे आठ-दहा दिवस बसले. येणारा माणूस काय बघतो आणि काय बघत नाही, याच्या नोंदी करत होते. हॉटेलवाला म्हणाला, मोजणीसाहेबाचं डोकं फिरलं. मग एका दुपारी काका जवळच्या मालेगावला लेथवाल्याकडे जाऊन आले. परतल्यावर त्यांनी अख्ख्या गावाला फाट्यावर जमवलं. आणि मला? मला काकूंबरोबर शेंगा फोडायला घरी बसवलं!

“म्या सगळ्याईले सांगून टाकलं डबा कोठी हाय ते,” काका परत आल्यावर म्हणाले. “गावापासून लपवायचं नाई, गावातच लपवायचं. आता कोनी आनून देनार नाई.”

“मला कुठे सांगितलंत?”

“तू बाहेरची ना? ‘तुमच्याकडे’ म्हनत होती. मंग हुडक.”

मला राग आला. मी हट्टाला पेटले. रोज एसटी येईपर्यंत फाटा धुंडाळायचे. हापसा, ढोली, मोरी, थांब्याचे खांब, हॉटेलची बाकं सगळं चाचपलं. सारं गाव चहाच्या कपाआडून बघत असे. एरवी कोणाच्या घरी काय शिजलं ते चुलीवरून उतरायच्या आत गावभर करणारी माणसं या एका गोष्टीबाबत मुकी झाली होती. मी शेळीवाल्या आजीला लाडीगोडी लावली. ती म्हणाली, “पानी पेली का माय? ऊन लय हाय.” मी बाटली दाखवली.

अ‍ॅपवर अर्ज भरायला काकांनी माझा मोबाइल घेतला, पण नेमकी जागा लिहिताना मला पाठ फिरवायला लावली. अर्ज तपासणाऱ्या कोण्या परगावच्या हौशी माणसाने उलट विचारलं, या जागेत विशेष काय आहे? काकांनी मला उत्तर सांगितलं आणि मी टाइप केलं. “विशेष काही नाही. माणसं थांबतात.” शोधणाऱ्यासाठी एक इशारा द्यायचा असतो, तिथे त्यांनी लिहायला लावलं, “कोरड्या घशाने शोधू नये.” मला वाटलं, उन्हाची काळजी.

मंजुरी आली. वाशिम जिल्ह्याच्या कोऱ्या जागेवर, आमच्या फाट्यावर ठिपका उमटला. काकांनी तो काकूंना दाखवला, हॉटेलवाल्याला दाखवला, त्या दोन्ही भावांना दाखवला. मग मोबाइल मला परत देऊन म्हणाले, “आर्धं काम झालं. सापडला नाई तं ठिपका कायचा?”

महिनाभराने अमरावतीहून एक सायकलवाला आला. डोक्याला हेल्मेट, सायकलच्या दांडीला दोन बाटल्या. दोन तास त्याने फाटा पिंजून काढला. हॉटेलवाल्याने “पानी घ्या भाऊ” म्हटलं, आजीने म्हटलं, दोन्ही भावांनी म्हटलं. तो हसून बाटली दाखवायचा. अखेर त्याने अ‍ॅपवर ‘सापडला नाही’ असं लिहिलं आणि सायकल वळवली.

मी काकांजवळ गेले. “सांगा ना त्याला! एवढ्या लांबून आलाय. तुम्हालाच तर हवं होतं कोणीतरी.”

सायकल दिसेनाशी होईपर्यंत काका रस्त्याकडे बघत राहिले.

“सांगून सापडत नसते,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर कोणी आलं नाही. आणि एप्रिलमध्ये माझा बदलीचा हुकूम आला. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो कागद हातात होता आणि मला धड आनंद करता येईना. काकांनी हुकूम वाचला, घडी केली, परत दिला. “चांगलं झालं,” म्हणाले आणि रांजण भरायला निघून गेले. त्या दिवशी ते तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळ होते.

निघायच्या दिवशी सामान सकाळीच टेम्पोने पुढे गेलं. बाटलीही त्यातच गेली. काका-काकू मला फाट्यावर सोडायला आले. दुपारचं ऊन, एसटीचा पत्ता नाही. घशाला कोरड पडली. बाकावर सगळे बसलेले. आजी, हॉटेलवाला, ते दोघे भाऊ. काकूंशी बोलता बोलता मी पाणपोईशी गेले, गिलास भरला आणि सवयीने वीतभर उंच धरला.

गर्जना आली नाही. मी वळून बघितलं. काका मुद्दाम दुसरीकडे, रस्त्याकडे बघत होते. बाकावर कोणी हलत नव्हतं.

मी गिलास खाली आणला, ओठांना लावला आणि एका दमात प्यायले. पाणी थंड, मातीच्या वासाचं. प्यायल्यावरही गिलास जड लागत होता. रिकामा गिलास इतका जड का असावा? मी तो उलटा केला. बुडाला दुसरं बूड होतं, आट्यांचं, फिरवून उघडणारं. त्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. काकांचं नाही, काकूंचंही नाही. काकांच्या वडिलांचं.

मी बूड फिरवलं. आतून कागदाची बारीक गुंडाळी निघाली. पहिल्या पानावर वर तेच नाव, खाली काकांचं मोजणीच्या कागदांवरचं अक्षर होतं.

“सदर ठिकाणी वरील इसमास पाणी वरून, ओंजळीत देण्यात येत असे. भांड्यास हात लावू दिला जात नसे. आज रोजी सदर ठिकाणी गिलास कायम करण्यात आला. चतुःसीमा: नाही.”

खाली तारीख, सही, आणि कोरी पानं.

वर्षभर, रोज सहाशे बारा पावलं चालून मी या गिलासाशेजारी उभी राहिले आणि माझ्या बाटलीतून पाणी प्यायले. माझ्या मनात स्वच्छतेपलीकडे काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण काकांना ते कसं कळणार होतं? आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

“काका, मला तरी ओरडायचं होतंत,” मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

“रस्त्यानं जानाऱ्याले वरडलो,” ते म्हणाले. “तू घरची. घरच्याले कसा वरडू?” मग एक डोळा मिटून माझ्याकडे बघत म्हणाले, “वावर नव्हतं माह्या बापाले. साऱ्या तालुक्याच्या हद्दी लिहिल्या म्या, त्याचं नाव कोठीच लिहायले भेटलं नाई. लिही आता तुहं. पह्यली हायस.”

तेवढ्यात एसटी आली. कंडक्टर दारातून वाकला, माझ्या हातातलं उलटं भांडं बघितलं आणि बाकाकडे तोंड करून ओरडला, “सापडला का बाईले?”

“सापडला!” आजी म्हणाली.

त्यालाही माहीत होतं तर! त्याने ड्रायव्हरला थांबायची खूण केली. “लिहा बाई, सावकाश लिहा.”

काकांनी खिशातलं पेन दिलं. पंचनाम्याच्या शेवटी साक्षीदार लिहितो तसं मी आधी ‘समक्ष’ लिहिलं, त्याखाली माझं नाव. कागद आत ठेवला, बूड फिरवून घट्ट केलं. मग गिलास पुन्हा रांजणात बुडवला आणि तहान नव्हती तरी, सगळ्या एसटीसमोर, तोंड लावून प्यायले.